बाटलीवरचं दीड अक्षर

मी एका सशाचं सीरम बोलतोय. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी. पाणी म्हटलं तर माझा अपमान होतो आणि रक्त म्हटलं तर ते खरं नाही, म्हणून सुरुवातीलाच अडखळलो. सवयच आहे ती माझी. एक वाक्य बोललो की ते बरोबर होतं का, या विचारात माझा पुढचा अर्धा तास जातो. सहा वर्षं फ्रीझरमध्ये काढलेल्याला दुसरं काम तरी काय असतं?

आज मी बोटाएवढ्या बाटलीच्या तळाशी उरलोय. वितळून फार वेळ राहणं मला सोसत नाही, तेव्हा शक्य तितकं सरळ सांगतो.

माझा जन्म प्राणीघरातला. कोपऱ्यात चार नंबरचा पिंजरा होता, त्यातल्या सशाला मामा 'राव' म्हणायचे. मामा म्हणजे प्राणीघर सांभाळणारे गृहस्थ. कुणाचेच मामा नव्हते, पण संस्थेच्या प्रमुखांपासून झाडणाऱ्या बाईंपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. सशाच्या कानाला हात लावण्याआधी ते स्वतःचे हात चोळून गरम करून घेत. "थंड हात लावला की राव रुसतात," असं म्हणत. असा माणूस नंतर माझ्या दुर्दशेचं निमित्त ठरावा, हे मला अजून पचत नाही.

त्यांनी रावांचं रक्त दोनदा घेतलं. पहिल्यांदा काहीही टोचण्याआधी. मग रावांना मेलॅनोमाच्या पेशी टोचल्या. मेलॅनोमा हा कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. टोचलेल्या पेशी मेलेल्या होत्या, त्यामुळे रावांना आजार झाला नाही. मात्र त्यांच्या रक्ताला तो परका माल ओळखू आला आणि त्याच्यावर जाऊन चिकटणारी प्रतिपिंडं रक्तात तयार झाली. असं पाच वेळा टोचून झालं, त्यानंतर मामांनी दुसऱ्यांदा रक्त घेतलं. त्यातून निघालो तो मी. माझ्यात प्रतिपिंडं ठासून भरलेली होती. पहिल्या रक्तातून निघालेला माझा थोरला भाऊ साधा होता, त्याच्यात यातलं काहीच नव्हतं.

आमची गरज का होती तेही सांगायला हवं. या पेशींच्या अंगावर बारीक बारीक कुलुपं असतात. शरीरातलं एक संप्रेरक येऊन त्या कुलुपात बसलं की पेशी काळा रंग बनवू लागते. प्रयोगशाळेच्या सरांचा प्रश्न असा होता, की पेशीवर आधी प्रतिपिंडं चिकटवली तर त्या संप्रेरकाला बसायला जागा मिळते की नाही. म्हणजे प्रश्न माझ्याविषयीच होता. भाऊ फक्त तुलनेला.

आता त्या दीड अक्षराकडे येतो. सरांचा दंडक होता की वह्या, याद्या, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, सगळं आपल्या भाषेत लिहायचं, म्हणजे मामांपासून सगळ्यांना वाचता येईल. हेतू चांगला होता, मी त्याला नावं ठेवत नाही. पण बाटलीवरची चिठ्ठी असते नखाएवढी. मामांनी चष्मा कपाळावर चढवून भावाच्या बाटलीवर 'प्र.' लिहिलं, म्हणजे प्रथम. माझ्यावर 'पू.' लिहिलं, म्हणजे पूर्ण. टोचणं पूर्ण झालं, रावांची सुटका झाली. वहीत त्यांनी दोन तारखा टाकल्या, पण कोणती बाटली कोणत्या तारखेची हे लिहिलं नाही. त्यांच्या दृष्टीने ते बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं होतं.

सहा महिन्यांनी मामा निवृत्त झाले, आधीचा संशोधक नोकरी लागून गेला आणि ती आली. तिला सगळे ताई म्हणत, मीही तेच म्हणतो. हुशार मुलगी. पहिल्याच दिवशी तिने फ्रीझरमधला डबा काढला, दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या आणि सरांना म्हणाली, "प्र. म्हणजे प्रतिपिंड. पू. म्हणजे पूर्वीचं. बरोबर ना सर?"

सर काहीतरी वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "अर्थात."

मी ओरडलो असतो. पण सीरमला ओरडता येत नाही, जोरात हलवलं तर फार तर फेस येतो. तो आला की लोक वैतागतात.

त्या 'अर्थात'पासून आमच्या दोघांची आयुष्यं उलटी झाली. भावाला बारीक बारीक नळ्यांत वाटून सगळ्यात थंड फ्रीझरच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. एक नळी एकदाच वितळवायची, उरलेलं पुन्हा गोठवायचं नाही, हात लावण्याआधी ताईला विचारायचं. मी मात्र साधा. मला एकाच बाटलीत, साध्या फ्रीझरच्या दाराजवळ ठेवलं. ते दार दिवसातून चाळीस वेळा उघडायचं. मी वितळायचो, गोठायचो. प्रतिपिंडांना हे बाधतं. दर खेपेला माझ्यातली काही मरत होती, हे मला आतून कळायचं. की नुसतं वाटायचं? नक्की सांगता येत नाही.

शेजारच्या प्रयोगशाळेत इन्सुलिनवर काम चालायचं. इन्सुलिन भांड्याच्या तळालाच चिकटून वाया जाऊ नये म्हणून तो तळ आधी सीरम फासून बुजवायचा असतो, आणि त्यांना त्यासाठी कसलंही सीरम चालायचं. तिथला गलेलठ्ठ तंत्रज्ञ दारात उभा राहून म्हणायचा, "ताई, तुमच्याकडचा पू द्या जरा." मग स्वतःच पोट धरून हसायचा. ताईही हसायची आणि सढळ हाताने मला ओतून द्यायची. नव्या मुलींना पिपेट, म्हणजे थेंब मोजून ओढायची नळी, धरायला शिकवायचं तरी मीच. कितीतरी मी त्यांच्या ओट्यावर सांडलो आणि पुसला गेलो.

प्रयोग सुरू झाले. पेशी बर्फात ठेवायच्या, त्यांच्यावर अर्धा तास सीरम घालायचं, मग किरणोत्सारी खूण लावलेलं संप्रेरक घालायचं, धुवायचं आणि किती चिकटून राहिलं ते यंत्रावर मोजायचं. माझ्या नळीत आकडा यायचा दोन हजार, भावाच्या नळीत पाच हजार. बघा, किती सरळ होतं. मी वाट अडवत होतो, भाऊ काहीच करत नव्हता. पण साधा मी, म्हणून मला शंभर धरलं जायचं आणि भाऊ अडीचशे ठरायचा. निष्कर्ष निघाला की प्रतिपिंडांमुळे संप्रेरक अडीचपट चिकटतं.

ताईला एकदा शंका आली होती. काहीच सीरम न घातलेली नळी तिने सोबत ठेवली, तिचाही आकडा पाच हजारच आला. ती वही घेऊन सरांकडे गेली. सर म्हणाले, कुठलंही सीरम थोडाफार अडथळा करतंच, म्हणून तर सीरमची तुलना सीरमशी करायची, रिकाम्या नळीला काय विचारायचं? हे शास्त्राला सोडून नव्हतं. हुशार माणसांची हीच पंचाईत असते. चुकीलाही त्यांच्याजवळ चांगलं कारण तयार असतं. त्यानंतर रिकामी नळी बंद झाली.

त्या दिवसांत तिच्या आईचा रोज दुपारी फोन यायचा. काम काय आहे हे त्या माउलीला एवढंच कळलं होतं की काहीतरी चिकटायला हवं. "चिकटलं का गं?" असं त्या विचारायच्या. एकदा ताई म्हणाली, अडीचपट चिकटलं. त्यावर आईंनी विचारलं की मग आता तरी वेळेवर जेवशील का.

सर हरखून गेले. जगात सगळे म्हणतात प्रतिपिंडं अडवतील, आणि आमची उलट बोलावून आणतात! त्यांनी परिषदेला गोषवारा पाठवला, व्याख्यानाचं आमंत्रण आलं, ताईच्या प्रबंधाला शीर्षक मिळालं. त्यात 'वाढवतात' असं क्रियापद होतं.

आणि मी? खरं सांगायला लाज वाटते. पहिलं वर्षभर मी आतल्या आत चरफडलो. पुढे पुढे मलाच वाटू लागलं की हे लोक शिकलेले आहेत, यंत्रावर मोजतात, तेव्हा मी साधाच असेन. ती पाच टोचणी मी कल्पनेत रचली असतील. कुणाला पाच वर्षं 'साधा' म्हणत राहिलं की त्याच्या अंगात काय आहे याची त्यालाही खात्री राहत नाही.

मामा परत आले ते योगायोगाने. निवृत्तीच्या कुठल्याशा कागदावर सही हवी होती. ती घेऊन ते नवे ससे बघायला गेले, तिथून आमच्याकडे डोकावले. ताईपुढे बर्फाची पेटी होती आणि पेटीत मी. प्रबंध द्यायला तिच्याकडे दोन महिने उरले होते. तिने त्यांना बसायला स्टूल दिलं, आणि बरं झालं आलात म्हणाली, तिला परिशिष्टासाठी रक्त घेतल्याच्या तारखा नीट हव्या होत्या. मामांचं लक्ष पेटीकडे गेलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अरे वा, पू. उरलंय अजून? जपून वापर हो बाळ. राव गेले, आता ते मिळायचं नाही."

"ते साधंच आहे मामा. जपायचं ते प्र., ते आत ठेवलंय."

"साधं कसं? पाच वेळा टोचलंय त्याला. साधं ते प्र. प्रथम काढलेलं."

ताईने हातातलं पिपेट बाजूला ठेवलं. तिने हळूच विचारलं, "आणि पू. म्हणजे?"

"पूर्ण. दुसरं काय असणार?" मामा म्हणाले, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "काय झालं? माझं काही चुकलं का?"

नाही मामा, असं ती म्हणाली. त्यांना चहा पाजला, दारापर्यंत सोडायला गेली. परत आली ती माझ्यासमोर बसून राहिली. बर्फाचं पाणी झालं तरी उठली नाही.

सरांना सांगायला तिने दोन दिवस घेतले. तेही सरळ मान्य करणारे नव्हते. मामांचं वय झालंय, स्मरणाचा काय भरवसा, असं म्हणाले. व्याख्यान तीन आठवड्यांवर होतं, त्यांचंही अवघड होतं. ताईने वाद घातला नाही. ती म्हणाली, तपासून बघू.

तपासणी अगदी सोपी होती. पेशींवर सीरम घालायचं, धुवायचं, मग सशाच्या प्रतिपिंडांना शोधून हिरवा उजेड देणारं एक द्रव्य घालायचं. ज्याच्यात प्रतिपिंडं, त्याच्या पेशी हिरव्या दिसणार. इतकी सोपी गोष्ट आधी कुणी केली नव्हती? केली होती. टोचणं चालू असताना आधीच्या संशोधकाने रावांच्या थेंबभर रक्तावर केली होती. ससा पास झाला होता. बाटल्या कुणी तपासल्याच नाहीत.

अंधाऱ्या खोलीत तिने सूक्ष्मदर्शकाखाली आधी भावाच्या पेशींची काच लावली. काळोख. मग माझी. प्रत्येक पेशीला हिरवी किनार होती. पाच वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी बघत होतं. ती डोळा न काढता म्हणाली, "तू होतास होय." त्याक्षणी मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. बाटलीत मी बोटभरही उरलो नव्हतो.

सर आले, बराच वेळ वाकून बघत राहिले. मग टेबलाशी बसून त्यांनी परिषदेला पत्र लिहायला घेतलं. लिहिता लिहिता वाचूनही दाखवत होते. प्राणीघराकडून चिठ्ठ्या लावण्यात गोंधळ झाल्यामुळे, अशी सुरुवात होती.

"सर, मामांनी बरोबर लिहिलं होतं," ताई म्हणाली. "वाचलं मी चुकीचं."

सरांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"वाचलं आपण," ते म्हणाले, आणि कागद फाडून नवा घेतला. त्या पत्रात गोषवारा मागे घेतला आणि व्याख्यानही.

आता तुम्हाला वाटेल की संपलं, सत्य बाहेर आलं. मलाही तसंच वाटलं होतं. सरांनी तोडगाही काढला. आकडे खरेच आहेत, फक्त रकाने उलटे झालेत. ते सुलटे कर, शीर्षकात 'वाढवतात'च्या जागी 'रोखतात' लिही, दोन महिन्यांत प्रबंध तयार. मी मनातून टाळ्या वाजवल्या. रोखतात! अखेर माझ्या नावाला शोभणारं क्रियापद मिळत होतं.

ताई म्हणाली, "रोखतात की नुसती अडचण करतात?"

प्रश्न रास्त होता, म्हणून जास्त झोंबला. मी पेशीवर चिकटतो हे दिसलं होतं. संप्रेरक कमी चिकटतं हेही. पण मी नेमका त्या कुलुपावर हात ठेवतो, की कुलुपाच्या आजूबाजूला दाटी करून उभा राहतो म्हणून कुणालाच पुढे जाता येत नाही? मी स्वतःला कायम कुलुपावरचा हात समजत आलो. कशावरून, ते मला सांगता आलं नसतं.

हे ओळखायचं कसं, तर दुसऱ्या संप्रेरकाने. त्याच पेशींवर इन्सुलिनचंही कुलूप असतं, अगदी निराळं. मी फक्त पहिल्याला अडवलं तर माझा हात कुलुपावर. दोघांनाही अडवलं तर मी गर्दी. सर म्हणाले, पण तेवढं सीरम कुठे आहे? ताईने मला उजेडात धरून किती उरलोय ते मोजलं. नवा ससा तयार करायला वर्ष गेलं असतं. माझ्यात जेमतेम एक प्रयोग शिल्लक होता, तोही पाच वर्षं वितळून गोठून थकलेल्या प्रतिपिंडांचा. तो करणं सक्तीचं नव्हतं. न करताच 'रोखतात' लिहिलं असतं तर परीक्षकांनी विचारलंही नसतं.

ती शेजारच्या प्रयोगशाळेत गेली. त्या गलेलठ्ठ तंत्रज्ञाला सगळं सांगितलं. तो हसला नाही. इतकी वर्षं मी ते भांडी बुजवायला वापरलं, म्हणाला, आणि लगेच खूण लावलेल्या इन्सुलिनची कुपी काढून दिली.

प्रयोगाच्या दिवशी ती सकाळी लवकर आली. रिकाम्या नळ्या, भावाच्या नळ्या, माझ्या नळ्या, दोन्ही संप्रेरकांसाठी. आधी मेलेल्या पेशींतच शिरणारा निळा रंग लावून पेशी जिवंत आहेत ना तेही बघितलं, मी त्यांना मारून टाकत असेन तर तो तिसराच प्रकार व्हायचा. जिवंत होत्या. माझा जो भाग नळ्यांत गेला त्याने काय केलं हे मला बाटलीत राहून कळलं नाही. यंत्राची टकटक तेवढी ऐकू येत होती.

पहिलं संप्रेरक: रिकामी नळी चार हजार आठशे, भाऊ चार हजार सातशे, मी दोन हजार नऊशे. थकलो होतो, पण अडवलं होतं. मग इन्सुलिन: रिकामी नळी तीन हजार, भाऊ तीन हजार, मी एक हजार नऊशे.

दोन्ही जवळजवळ सारखंच कमी. म्हणजे मी गर्दी.

निदान तसं दिसतंय. मी घासाघीस करून पाहिली. ताजा असतो तर फरक दिसला असता का? माझ्यात काही हात कुलुपावरचे असतील आणि तेच आधी मेले असतील का? असेलही. आता ते कुणालाच ठरवता येणार नाही, आणि माझा खरा राग त्यावर आहे. माझा निकाल माझ्या विरुद्ध लागला त्याचं दुःख आहेच, पण ज्या दिवसांत तो नीट लागू शकला असता त्या दिवसांत मी भांड्यांचे तळ बुजवत होतो.

ताईने तक्ता सरांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि शीर्षकातलं 'रोखतात' स्वतःच्या हाताने खोडून 'कमी होते' असं लिहिलं. प्रबंधात शेवटी तिचं वाक्य आहे: घट खरी आहे, पण ती कुलूप झाकल्यामुळे होते असं या पुराव्यावरून म्हणता येत नाही. ते वाक्य तिने मोठ्याने वाचून पाहिलं तेव्हा मी पेटीतच होतो. मला ते आवडलं नाही. त्यातला एकही शब्द मला खोडता आला नाही.

प्रबंध पंधरा दिवस उशिरा गेला. आज ती आपला कप्पा रिकामा करतेय, तिच्या जागी उद्या दुसरं कुणी येणार आहे. भावाच्या तीस नळ्या अजून शिल्लक आहेत. ओट्यावर मी आहे, सहा थेंबांचा, कुठल्याही प्रयोगाला न पुरणारा.

वाचकहो, मी उपदेश करण्याच्या लायकीचा नाही. मला माझंच नीट कळलं नव्हतं. एक विनंती करतो. तुम्ही ज्याला साधा म्हणून दाराजवळ ठेवलंय, तो खरंच साधा आहे का हे निदान एकदा, तो भरलेला असतानाच, बघून घ्या. निकाल त्याच्या बाजूने लागेल असं नाही. माझा लागला नाही. पण न कळता पुसलं जाण्यापेक्षा गर्दी ठरणं मी पत्करीन.

तिने माझं झाकण लावलंय. मला हातात घेऊन ती निघालीय. कचऱ्याच्या डब्याकडे की परत बर्फाकडे, हे तिच्या पावलांवरून मला ओळखता येत नाही. ओळखता आलं असतं तरी मी त्यावर विश्वास ठेवला नसता.